प्लेगच्या लसीचे जनक : डॉ. वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथे ज्यांच्या नावाची संस्था आहे, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु त्यांचे चरित्र आपल्या घरांतून फारसे वाचले जात नाही. ते ना या देशाचे, ना आपल्या धर्माचे. तथापि महाराष्ट्रावर कोसळलेल्या एका घोर संकटात त्यांनी जे केले, त्याचे ऋण आपणां सर्वांवर आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचा अल्प परिचय ज्ञातिबांधवांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात विख्यात शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. यहुद्यांच्या वस्तीवर दंगेखोर चालून आले असता तिचे रक्षण करताना ते जखमी झाले व तुरुंगातही गेले. पुढे विद्यापीठात प्राध्यापकपद मिळण्यासाठी धर्म बदलण्याची अट त्यांच्यापुढे आली. ती त्यांनी मानली नाही. अखेर १८८८ साली त्यांनी देश सोडला व जिनिव्हामार्गे पॅरिसची पाश्चर संस्था गाठली. तेथे आरंभी मिळाले ते काम ग्रंथालयातील मदतनिसाचे. फावल्या वेळी प्रयोगशाळेत बसून त्यांनी पटकीच्या जंतूंपासून लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्यास आले. पुढील दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानात त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांस ही लस टोचली.

१८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. त्या काळाची भीषणता आज कल्पनेने जाणणेही कठीण आहे. घरांची सक्तीची झडती आणि रोग्यांची ताटातूट यांमुळे लोक संतप्त झाले व २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीच्या १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. मुंबईहून हा रोग आगगाडीच्या वाटांनी देशभर पसरला. उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा हे त्याचे वाहक आहेत, हे पुढे निश्चित झाले. माल, धान्य व माणसे यांच्याबरोबर ते गावोगाव पोहोचत. ज्या गावाचे नावच स्टेशनावरून पडले, त्या आपल्या चांदूर रेल्वेकरांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. त्या साथीच्या दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांस मुंबईस धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम केले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत, नंतर उष्णता देऊन ते मारीत व त्यांत कार्बोलिक घालीत. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. सर्व्हेयर यांच्याकडून त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांस दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. त्यांस ज्वर आला, वेदना झाल्या. पण ते कामावरून उठले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथे सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. न घेणाऱ्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. घेणाऱ्यांपैकी दोघांसच तो झाला आणि एकही दगावला नाही.

तरीही लोकांच्या मनातील भय सहजी जाईना. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी सर्वांदेखत स्वतः लस टोचून घेतली व प्रयोगशाळेस आपला बंगला दिला. तेव्हा त्यांच्या समाजातील हजारो लोक पुढे झाले. ज्ञातिसंस्था चालविणाऱ्या आपणांस या प्रसंगाचे महत्त्व विशेष वाटावे. शास्त्रज्ञ लस निर्माण करतो; पण ती घरात पोहोचविण्यास ज्यांच्या शब्दावर घर विश्वासते, अशा वडीलधाऱ्यांची गरज असते. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली व तेथून लाखो मात्रा रवाना होऊ लागल्या.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी अनर्थ ओढवला. त्या दिवशी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व मृत्यू पावले. चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांस पदावरून दूर केले गेले. वस्तुतः गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. खुद्द प्रयोगशाळेत दूषित झालेल्या लसीस दुर्गंधी सुटली असती. तशी ती आली नव्हती. ही गोष्ट सिद्ध करण्यात त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे गेली. १९०७ साली सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून त्यांचा पक्ष घेतला, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांची नेमणूक झाली, पण तेथे लस बनविण्याची सोय नव्हती. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

१९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. तो सन्मान त्यांनी हयातीत पाहिला. ते अविवाहित राहिले. आपली सारी संपत्ती यहुदी मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्या समाजात मुलगा वा मुलगी वैद्यकाकडे वळली, की रोग्यांची रीघ लागणाऱ्या दवाखान्याचेच चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो. प्रयोगशाळेत बसून जंतू ओळखणारा, कोणते औषध कोणत्या जंतूवर चालेल हे सांगणारा, रुग्णालयात रोग पसरू न देणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आपणांस दिसत नाही. रोगीही त्याचे नाव जाणत नाही. औषधांस दाद न देणारे जंतू वाढत असलेल्या आजच्या काळात तर त्याचे काम अधिकच मोलाचे झाले आहे. वैद्यकाची पदवी घेऊन पुढे या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. विज्ञानशाखेतूनही या क्षेत्रात शिरण्याची वाट आहे. आपल्याच लोहमार्गावर वर्ध्यापलीकडे सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. या कामात धन व कीर्ती कदाचित थोडी मिळेल, आणि दुसऱ्याच्या हातून पडलेल्या चिमट्याचा दोषही कधी माथी येईल. तरीही ज्या घरातील मूल हा मार्ग निवडू इच्छिते, त्या घराने त्यास अडवू नये, आणि लस टोचण्याची वेळ येईल तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांआधी हात पुढे करावा, एवढीच आमची समाजबांधवांस विनंती आहे.