डॉ. सुब्बाराव आणि कोंबडीचे पिल्लू

अल्फारेटात किराणा घेताना कोंबडीच्या पाकिटावर अँटिबायोटिक न दिल्याची ग्वाही वाचकांनी पाहिली असेल. येथून पाऊण तासावरचे गेन्सव्हिल हे तर कोंबड्यांच्या धंद्याचे मोठे ठाणे. अशी ग्वाही देण्याची वेळ ज्यामुळे आली त्या कहाणीच्या आरंभी एक भारतीय माणूस आहे.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरमचा. घरची गरिबी, त्यात भाऊ संग्रहणीने गेला आणि त्या रोगाने त्यांच्या मनात कायमचे घर केले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात, गांधीजींच्या हाकेला ओ देऊन, ते शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालू लागले. प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी दुय्यम अशी एल.एम.एस. पदवी पदरात पडली. १९२२ साली ते बोस्टनला आले. पत्नी मागे राहिली. पुन्हा भेट झालीच नाही. पोटासाठी त्यांनी इस्पितळात रोग्यांची मलमूत्राची भांडी धुतली. हार्वर्डमध्ये फिस्क यांच्यासह केलेले फॉस्फरसविषयीचे संशोधन जगभर वापरले गेले, पण तेथे कायमची जागा काही मिळाली नाही.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हरच्या लेडर्ले कंपनीत गेले. तेथे त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड तयार केले. संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. भावाला मात्र फार उशीर झाला होता! त्यांच्याच हाताखाली बेंजामिन डग्गर या वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञांनी मातीतील जंतूपासून ऑरिओमायसिन मिळवले. १९४८ साली ते जाहीर झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय अवघे ५३.

पुढची गोष्ट त्यांनी पाहिली नाही. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा लेडर्लेच्याच थॉमस ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांनी पिल्लांना चारला. जीवनसत्त्व शोधत होते, पण पिल्ले अपेक्षेपेक्षा फारच वजनदार झाली. चोथ्यात राहिलेल्या औषधाचा तो प्रताप होता. १९५० मध्ये ही बातमी फुटली आणि आजारी नसलेल्या कोंबड्यांनाही खाद्यातून औषध सुरू झाले. अल्प मात्रेत दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि आपला चिवटपणा इतर जातींच्या जंतूंनाही देतात. १९७६ साली डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. टेट्रासायक्लिन खाणाऱ्या कोंबड्यांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते, आणि काही महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या पोटातही तसलेच जंतू निघाले. तरीही, केवळ वजनवाढीसाठी माणसांची औषधे जनावरांना देणे अमेरिकेत बंद व्हायला २०१७ उजाडले. भारताने २०१९ साली खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

याचा दोष सुब्बारावांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी औषध माणसांसाठी शोधवले होते. प्रसिद्धीचे त्यांना वावडेच होते. १९५३ साली एका नव्या बुरशीला सुब्बारोमायसेस असे नाव देण्यात आले.