श्रीमती फातिमा इस्माइल

श्रीमती फातिमा इस्माइल यांचा जन्म १९०३ सालचा. पोटच्या मुलीचे पाय पोलिओने लुळे पडताच उपचार शोधीत त्या मद्रासला डॉ. किणी यांच्यापर्यंत पोचल्या आणि मुलगी पुन्हा चालू लागली. आपले मूल सावरले. इतरांच्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली डॉ. बाळिगांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत चिकित्सालय उघडले. त्यातूनच हाजी अली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. शाबूत स्नायूचा कंडरा लुळ्या स्नायूच्या जागी जोडावा, वाकडे हाड सरळ करावे, मग कॅलिपर व व्यायाम यांनी पायात बळ आणावे, अशी ही शस्त्रक्रियेची वाट. १९५८ साली त्यांना पद्मश्री लाभली. १९८७ साली त्या निवर्तल्या. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, तो दिवस त्यांना दिसला नाही. नर्मदाकाठच्या आपल्या मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्या माउलीचे कृतज्ञ स्मरण करणे उचितच होय.