अंगणात आलेली शाळा

आमचा नातू सात वर्षांचा. दप्तर भरायला बसतो आणि पेन्सिलीला टोक करता करता खिडकीतल्या चिमण्या मोजू लागतो. वाशीमच्या त्याच्या शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा आला आणि सूनबाई रात्रभर झोपली नाही. बँकेत सारा जन्म शेरे लिहिण्यात गेल्यामुळे मला शेऱ्याचे काही वाटले नाही, तिच्या जागरणाचे मात्र वाटले. त्या रात्री ताराबाई मोडक आठवल्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२चा, मुंबईचा. माहेर केळकरांचे, प्रार्थना समाजी वळणाचे. १९१४ साली पदवीधर झालेली ही मुलगी लग्न होऊन अमरावतीला आली, म्हणजे आम्हा वऱ्हाडकरांची सूनच म्हणायची. वकील पतीशी संसार टिकला नाही. १९२१ साली त्या विभक्त झाल्या, पदरी लहान मुलगी होती. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. ती चांगली नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. (मी आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या, पण नोकरी सोडायचे धाडस काही झाले नाही.)

तिथे माँटेसोरीबाईंची पद्धत होती. मुलाने आपली चटई आपण अंथरायची, एकच साधन घ्यायचे, काम पुरे करायचे, साधन जागेवर ठेवायचे आणि मगच दुसरे उचलायचे. पाणी न सांडता ओतायचे, बटणे लावायची, थोडा वेळ अगदी निःशब्द बसायचे. एक गोष्ट मनात धरणे, हात आवरणे, क्रम न सोडणे यांना आजचे तज्ज्ञ कार्यकारी कौशल्ये म्हणतात. ताराबाईंनी ती चटईवर बसवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि मराठी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी सांभाळली.

पण खरी ताराबाई मला दिसते ती पुढे. १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. दलित वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, काटक्या आल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरांमागे, म्हणून कुरणातच शाळा भरली. मोठी मुले धाकट्यांना सांभाळायला घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून विकासवाडी केली.

इथे मी थबकतो. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर वसुलीला जायचो, तेव्हा भर शाळेच्या वेळी भावाला कडेवर घेतलेल्या कितीतरी पोरी दिसत. त्यांनाही कुणीतरी ‘लक्ष देत नाही’ म्हणतच असणार. डिस्लेक्सियासारख्या अडचणी खऱ्या असतात, २०१६च्या कायद्याने त्यांची दखलही घेतली आहे, आणि शंका आली तर तज्ज्ञाकडे जायलाच हवे. पण ताराबाई आधी बघत ते मुलाच्या वाटेत काय आडवे पडले आहे ते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी केंद्राची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. आमच्या गल्लीच्या टोकालाही एक आहे.

सूनबाईला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, बाबा, मग आपण काय करायचं? नातवाच्या उंचीला तीन खुंट्या ठोकल्या, एक दप्तराला, एक पाण्याच्या बाटलीला, एक टोपीला. जुनी सतरंजी त्याच्या नावे केली. खिडकीकडे पाठ करून तो तिच्यावर बसतो, एका वेळी एकच वही घेतो. परवा दप्तर वेळेत भरले. डबा मात्र ओट्यावरच राहिला, तो मी सायकलवरून नेऊन दिला.