पडद्याआडच्या बायांची वकील

बचत गटाच्या कामाने मी बुलढाणा, चिखली, मेहकरकडच्या खेड्यांत फिरते. विधवा बायांचं एकच गाऱ्हाणं असतं. सातबारावर नाव चढत नाही आणि वकिलाला द्यायला पैसा नाही. तेव्हा मला हटकून कॉर्नेलिया सोराबजी आठवतात.

१८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८८९ मध्ये कायदा शिकायला ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये परीक्षाही दिली. पण बाई म्हणून पदवी नाही, वकिलीची परवानगीही नाही! पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं.

तरी त्या घरी बसल्या नाहीत. बंगाल, बिहारकडे जमीनदार घरच्या विधवा पडद्यात राहत. परपुरुषाशी बोलायची चोरी, मग वकील गाठणार कसा? नातेवाईक इस्टेट लाटायचे. १९०४ पासून सरकारी सल्लागार म्हणून बाई थेट माजघरात जाऊन त्यांचं ऐकून घेत. सुमारे सहाशे बायका-मुलांना त्यांनी मदत केली, काहींना तर फी न घेता. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली खुली झाली. १९५४ साली लंडनला त्या वारल्या.

आज १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० वर फोन करायचा. लॉ शिकणारी मुलंमुलीही तिथे स्वयंसेवक होऊ शकतात. तुमची लेक लॉ करत असेल तर तिला एवढं नक्की सांगा. शेजारणीचा एक अर्ज तिने लिहून दिला, तरी मोठं काम होईल.