डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आपली राज्यघटना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडिलांचे नाव रामजी व आईचे नाव भीमाबाई. वडील सैन्यात सुभेदार होते. नंतर ते सर्वजण साताऱ्यास राहायला आले.

शाळेत छोट्या भीमाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नसला की तसंच तहानलेलं बसायचं. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा आमच्या वर्गात कोणीच बोललं नाही.

तरी ते खूप शिकले. १९०७ साली मॅट्रिक झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, पुढे लंडनला. मार्च १९२० मध्ये आपल्या जिल्ह्यात माणगावला परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. महाराजांनी १९०२ सालीच करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या १०० पैकी ५० जागा मागासलेल्या लोकांसाठी ठेवल्या होत्या. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यांच्यामागून सगळे प्यायले.

१९४७ साली ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. माझा मामेभाऊ आठवीत आहे. तो म्हणतो, घटना परदेशातून उतरवून काढली आहे. मला राग आला. मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले की, संसदेची पद्धत इंग्लंडची, मूलभूत हक्कांची कल्पना अमेरिकेची आणि मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडची पाहून घेतली, हे खरं आहे. बाबासाहेबांनी ते लपवलं नाही. चांगलं ते घेण्यात लाज नाही असं त्यांनी १९४८ साली सभेतच सांगितलं. मिरचीसुद्धा परदेशातून आली म्हणे, पण आमच्या आईच्या चटणीला कोण परदेशी म्हणेल?

मग गुरुजींनी कलम १५ दाखवलं. त्यात चक्क विहिरी, तळी आणि स्नानघाट लिहिले आहेत! ते वापरायला जातीवरून कोणालाही अडवायचं नाही. कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. हे कुणाचं बघून लिहिलेलं नाही. साताऱ्याचा नळ आणि महाडचं तळं इथलंच आहे. मामेभावाला मी हे सांगितलं, तो गप्प बसला.

घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली व २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

घटनेचे पुस्तक शाळेच्या कपाटात आहे. आलेल्या पालकांनी गुरुजींकडून मागून घ्यावे. कलम १५ च्या पानात मी कागद घालून ठेवला आहे.