बंदराची किल्ली कोणाच्या हाती?

हेमलकसा, भामरागडच्या अरण्यात राहणाऱ्या वाचकाला बंदरांची चर्चा परकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. समुद्राशी या भागाचा संबंध काय? भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम एकत्र येतात आणि ते पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच संबंध आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो. परंतु दुसरा एक संबंध आहे. हा प्रदेश जुन्या मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता, आणि 1933 साली खुले झालेले विशाखापट्टणम बंदर उभारण्यामागे मध्यप्रांताचा माल समुद्राला पोचविणे हा एक प्रमुख हेतू होता. त्या बंदरात आरंभीच शिरलेली ‘जलदुर्गा’ ही आगबोट सिंदिया कंपनीची, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कंपनीची होती.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. रेल्वेच्या ठेकेदारीत त्यांनी पैसा मिळविला. या देशाचा माल कोणत्या दराने व कोणाच्या सोयीने परदेशी जाणार, हे लंडनमध्ये बसलेले जहाजमालक ठरवितात, ही गोष्ट त्यांना मात्र खटकत होती. नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी 1919 साली सिंदिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढचा मार्ग सुकर नव्हता. समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी होती आणि 1914 पासून ती बलाढ्य ‘पी अँड ओ’शी जोडलेली होती. नव्या कंपनीला बुडविण्यासाठी दर पाडण्यात आले. व्यापाऱ्यांच्या भाड्याचा काही अंश राखून ठेवून, आमच्याच जहाजांतून माल पाठविलात तर तो परत मिळेल, अशी अट घालण्यात आली. अखेर 1923 साली सिंदियाला मर्यादा स्वीकारून तह करावा लागला. किनारी वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखावी, असे विधेयक साराभाई हाजी यांनी 1928 साली मांडले; तेही कायदा होऊ शकले नाही. जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी वालचंदांना कलकत्त्याला जागा हवी होती. तेथील बंदर-प्रशासनाशी बोलणी फिसकटली. तेव्हा ते विशाखापट्टणमला गेले. 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले. तरीही 14 मार्च 1948 रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली. पाच वर्षांनी, 8 एप्रिल 1953 रोजी, वालचंद निवर्तले.

या चरित्रातून परदेशी भांडवलाविषयी सरसकट द्वेष शिकावा, असे मात्र नाही. विमानांचा कारखाना काढताना वालचंदांनी अमेरिकन पॉली यांची मदत बिनदिक्कत घेतली. परकीयांचे कौशल्य त्यांना चालत होते, परकीयांची मर्जी चालत नव्हती. हा भेद आज विसरला जात आहे.

न्हावाशेवा येथे 1999 साली सुरू झालेला पहिला खासगी धक्का ‘पी अँड ओ’चाच होता. 2006 साली ती कंपनी दुबईच्या ‘डीपी वर्ल्ड’ने विकत घेतली आणि धक्क्याचा चालक परदेशात झालेल्या व्यवहाराने बदलला. त्याच व्यवहारातील अमेरिकन बंदरांविषयी तेथील काँग्रेसने राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न उपस्थित केला, आणि कंपनीला ती बंदरे सोडावी लागली. श्रीलंकेने 2017 साली हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे दिले, ते तर आपल्या दाराशीच.

परदेशी कंपनीने क्रेन चालविल्याने देश बुडत नाही. आपल्याकडे जमीन व जलमार्ग यांची मालकी सार्वजनिक आहे, जकात सरकारची आहे, करारांना मुदत आहे. परंतु कोणत्या पेटीत काय आले आणि कोणासाठी आले, याची सारी नोंद धक्का चालविणाऱ्याच्या हाती असते. युद्धाच्या वेळी कोणते जहाज आधी रिकामे करावयाचे, हाही प्रश्न त्याच जागी उभा राहतो. म्हणून चालक कंपनीची मालकी बदलताना सरकारची पूर्वसंमती, संकटकाळी धक्का ताब्यात घेण्याचा निःसंदिग्ध अधिकार आणि निदान एक धक्का सार्वजनिक हाती, एवढे तरी प्रत्येक मोठ्या बंदरात असावयास हवे. न्हावाशेव्याच्या बंदर-संस्थेने स्वतः चालविलेला अखेरचा कंटेनर-धक्का 2022 साली खासगी कंपनीकडे गेला, हे या दृष्टीने चिंताजनक म्हटले पाहिजे. त्या कंपनीत भारतीय भागीदार आहे, हे खरे. पण कंपन्या विकल्या जातात, हे 2006 ने दाखविलेच आहे.

वालचंदांचा विशाखापट्टणमचा कारखाना पुढे सरकारने घेतला आणि 2010 साली तो संरक्षण मंत्रालयाकडे गेला. एका व्यापाऱ्याने उभारलेली गोदी देशाच्या संरक्षणाचे अंग ठरली. अरण्यातला माल असो वा शहरातला, तो ज्या दारातून बाहेर पडतो त्या दाराची किल्ली आपल्यापाशी असावी, यासाठी त्यांनी चौतीस वर्षे खर्ची घातली. ती किल्ली आपण सहीसरशी हातची घालवू नये.