कर्णधारपद न मिळालेला फिरकीचा बादशहा

भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील पहिला महान गोलंदाज कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास एक नाव टाळता येत नाही. ते म्हणजे पालवणकर बाळू. ज्या काळात भारताचा अधिकृत कसोटी संघही अस्तित्वात नव्हता, त्या काळात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने इंग्लंडच्या मैदानांवर शंभराहून अधिक बळी घेतले. मात्र ज्या संघाला त्यांनी अनेक सामने जिंकून दिले, त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. त्याचे कारण त्यांच्या गोलंदाजीत नव्हते. ते त्यांच्या जातीत होते.

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. चर्मकार समाजातील या कुटुंबात १८७६ साली धारवाड येथे बाळूंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुण्यात स्थिरावले. लष्कराच्या छावणीमुळे पुण्यात क्रिकेटचे वातावरण होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही धाकटे भाऊ पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले. एकाच घरातील चार भावांनी मैदान गाजवावे, हा योग त्या काळात दुर्मीळच होता.

तीन रुपयांची नोकरी

बाळूंचा क्रिकेटशी पहिला व्यावसायिक संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे, हे त्यांचे काम होते. पगार होता दरमहा तीन रुपये. सभासदांना सराव हवा असला की अधूनमधून चेंडू टाकण्याची संधी मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये दाखल झाले. पगारात एका रुपयाची वाढ झाली आणि कामात खेळपट्टीची निगा, जाळी लावणे, टेनिस कोर्टाची आखणी यांची भर पडली.

याच क्लबमध्ये सरावाच्या जाळ्यात गोलंदाजी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. भारतातील युरोपियन फलंदाजांत अग्रगण्य मानले जाणारे कॅप्टन जे. जी. ग्रेग यांना बाळू नियमितपणे चेंडू टाकत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग त्यांना प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजापुढे शेकडो तास चेंडू टाकल्याने बाळूंचा टप्पा आणि दिशा अचूक झाली, यात शंका नाही. चेंडूला दोन्ही बाजूंनी वळण देणे, त्याची गती आणि उंची बेमालूमपणे बदलणे हे त्यांचे वैशिष्ट्य ठरले. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच आली. फलंदाजी हा साहेबांचा हक्क आणि गोलंदाजी हे नोकराचे कष्ट, अशी ती वाटणी होती. खुद्द इंग्लंडमध्येही हौशी आणि पगारी खेळाडूंची दालने वेगळी असत. भारतात त्यावर जातीचा आणखी एक थर चढला.

मैदानात एक, चहाला वेगळे

साहेबांना सतावणाऱ्या या गोलंदाजाची कीर्ती लवकरच शहरात पोहोचली. युरोपियनांना हरवण्याची ईर्षा बाळगणाऱ्या पुण्यातील हिंदू क्लबपुढे पेच उभा राहिला. बाळूंना घ्यावे तर सोवळे मोडते, न घ्यावे तर सामना जातो. सभासदांत मतभेद झाले. अखेर विजयाच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली. पण ती मैदानापुरतीच. बाळूंनी टाकलेला चेंडू सर्व खेळाडू हाताळत. चहापानाच्या वेळी मात्र इतर जण तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून दिला जाई. त्यांचे पान वेगळे, जागा वेगळी आणि हातपाय धुण्यासाठी पाणी देणारा सेवकही अस्पृश्य समाजातीलच.

बाळूंनी याला बळींनी उत्तर दिले. पूना क्लबविरुद्धच्या यशामागोमाग साताऱ्याच्या युरोपियन संघालाही त्यांनी नमवले. या कामगिरीनंतर पुण्यातील सार्वजनिक समारंभांत त्यांचा गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या नेत्यांनी त्यांचे कौतुक केले. संघसहकाऱ्यांच्या वागणुकीतही हळूहळू फरक पडू लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश देण्यावरून काही सभासदांनी विरोध केला. पण त्यांच्यावाचून संघ दुबळा राहील, हे जाणकारांनी पटवून दिले. लष्करात आणि पुढे रेल्वेत नोकरी करीत बाळू जिमखान्यासाठी खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंनी आठ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या त्या काळात राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवणे ही केवळ क्रीडाविषयक घटना नव्हती. त्या विजयात चर्मकार समाजातील दोन भावांचा मोलाचा वाटा होता, ही बाब सुधारकांनी आवर्जून अधोरेखित केली.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ म्हणून हा दौरा अपयशी ठरला. २३ पैकी १५ सामने संघाने गमावले, अवघे सहा जिंकले. बाळू मात्र या अपयशाला अपवाद ठरले. वयाची पस्तिशी गाठलेल्या आणि खांद्याच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या या गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी मिळवले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एकाच डावात १०३ धावांत आठ गडी टिपले. लीस्टरशायरवरील विजयात त्यांनी ११ बळी घेतले. दुसऱ्या बाजूने तोलामोलाची साथ मिळाली असती, तर हे आकडे किती वाढले असते, याचा अंदाजच बांधलेला बरा.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी तेव्हा विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. दलित तरुणांसाठी बाळू हे स्वकर्तृत्वाचे जिवंत उदाहरण होते.

नाकारलेला मान

१९१२ पासून हिंदू, पारशी, युरोपियन आणि मुस्लिम यांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. बाळू हिंदू संघाचे सर्वांत अनुभवी खेळाडू होते. त्यांना कर्णधार करावे, अशी मागणी वारंवार झाली आणि दरवेळी उच्चवर्णीय खेळाडूची निवड झाली. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. त्या प्रांजळपणानेही निवड समितीचे मन बदलले नाही.

१९२० मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला. पै आजारी पडल्याने एका सामन्यासाठी दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व सोपवण्यात आले आणि बाळूंना वगळण्यात आले. ज्येष्ठता डावलल्याच्या निषेधार्थ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. वृत्तपत्रांत चर्चा झडली. महात्मा गांधींमुळे अस्पृश्यता निवारणाचा विषय तेव्हा देशभर गाजू लागला होता. अखेर तडजोड झाली. अंतिम सामन्यात दोघे भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै मैदानाबाहेर असताना काही काळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. कर्णधारपदाच्या सर्वांत जवळ ते पोहोचले ते एवढेच.

बाळूंना जे मिळाले नाही, ते धाकट्या भावाला मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने विजेतेपद पटकावले. चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले.

निवडणुकीच्या मैदानात

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. एकेकाळी त्यांचा अभिमान बाळगणारे डॉ. आंबेडकर आणि ते आता वेगळ्या वाटांवर होते. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, ही आंबेडकरांची मागणी बाळूंना मान्य नव्हती. संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहून त्यांनी १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी केली. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. लढत चुरशीची झाली; सुमारे दोन हजार मतांनी बाळू पराभूत झाले. दलित समाजातील दोन कर्तबगार व्यक्तींची ही लढत दोन विचारांची होती. अन्याय दोघांनीही भोगला होता. त्यावरचा उपाय हिंदू समाजात राहून शोधायचा की स्वतंत्र राजकीय बळ उभारून, या प्रश्नावर त्यांची उत्तरे भिन्न होती.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, ही त्यांची अधिकृत कामगिरी. पुण्यातील सरावाच्या जाळ्यात टाकलेल्या हजारो चेंडूंची नोंद कोणत्याही धावपुस्तिकेत नाही. रणजी, दुलीप, देवधर ही नावे त्यांच्या नावाच्या स्पर्धांमुळे घरोघरी पोहोचली. बाळूंचे नाव मात्र दीर्घ काळ विस्मृतीत गेले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील ग्रंथामुळे ते पुन्हा वाचकांसमोर आले.

भारतीय फिरकीची थोर परंपरा सांगताना आपण विनू मंकड, बिशनसिंग बेदी यांच्यापासून सुरुवात करतो. त्या परंपरेचा उगम मात्र दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणाऱ्या एका मुलापाशी आहे. त्याच्या हातचा चेंडू साऱ्यांना चालला, त्याच्या हाती नेतृत्व देणे मात्र कोणाला जमले नाही.